भट्टीचा चहा आणि भिवाआण्णांचं जठर

नारायणगावच्या बाजारात कुणी "मॅडम, वळखलं का?" म्हणून समोर उभं राहिलं की माझी पंचाईत होते. चेहरा काही केल्या आठवत नाही. पण त्याने नुसतं सांगितलं की एका शिमग्याच्या आधी माझ्याकडे दुर्बीण घालून घेतली होती, की त्याचं जठर डोळ्यांपुढे लख्ख उभं राहतं. डाव्या बाजूला जरा लाल, खालच्या तोंडाशी जुना वण. मग मी विचारते, "आता जेवण जातं ना नीट?" आणि त्याला वाटतं, बाईंची स्मरणशक्ती काय दांडगी आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माणसांची पोटं आतून पाहण्यात माझी सगळी नोकरी-धंद्याची वर्षं गेली. आता दुर्बीण एक तरुण डॉक्टर चालवतो. मी कधीमधी जाऊन त्याच्या खांद्यावरून डोकावते आणि नको तिथे बोलते. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. करंगळीहून थोडी बारीक अशी एक लवचिक काळी नळी असते, टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती तोंडातून घशात, घशातून अन्ननलिकेत आणि तिथून जठरात उतरवायची. पडद्यावर चित्र दिसतं. पेशंटला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावं लागतं. डिंभ्याहून एक पाहुणे यायचे, ते एसटीचा भरवसा नाही म्हणून आदल्या दुपारीच येऊन दवाखान्याच्या ओट्यावर पथारी टाकायचे. संध्याकाळी समोरच्या गाडीवरची भजी खाऊन सकाळी मला छातीठोक सांगायचे की पोटात अन्नाचा कण नाही. पडद्यावर कांदाभजी दिसली की मी नळी काढून त्यांना पुन्हा ओट्यावर पाठवायची.

निरोगी जठर फार देखणं असतं. गुलाबी, ओलसर, तुकतुकीत, वळ्यावळ्यांचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की इतकी जहाल जागा आहे, आत नुसती होरपळ दिसेल. कारण जठरात तयार होणारं आम्ल साधंसुधं नव्हे. संडास धुवायच्या बाटलीत असतं त्याच जातीचं ते आम्ल, पुष्कळ पातळ एवढंच. पण मग जठर स्वतःच कसं जळत नाही, हा प्रश्न खणखणीत शब्दांत मला कुठल्या विद्यार्थ्याने किंवा डॉक्टरने कधी विचारला नाही. तो विचारला राजुरीच्या भिवाआण्णांनी, आणि तेही रक्त ओकल्याच्या दुसऱ्या दिवशी.

भिवाआण्णा हे आमच्या भागातले नावाजलेले आचारी. लग्न असो, यात्रा असो, पंचक्रोशीत कुणाला हजार माणूस जेवू घालायचं असलं की त्यांची टोळी बोलवायची. ऐन लग्नसराईत एका दुपारी त्यांच्या भांड्यांचा टेम्पो दवाखान्याच्या दारात येऊन थांबला. मागे कढया, पातेली, आणि त्यांच्या मधे गोधडीवर आडवे भिवाआण्णा. उशाशी त्यांची बायको सुलाबाई, हातात स्टीलचा डबा. डब्यात काय होतं ते तिने मला झाकण उघडून दाखवलं. कॉफीच्या चोथ्यासारखं काळं. पोटात रक्त आम्लात भिजलं की असंच दिसतं.

आम्ही त्यांना रक्त चढवलं, दुर्बीण घातली. जठराच्या भिंतीत रुपयाएवढा खड्डा होता आणि खड्ड्याच्या तळाशी एक शीर झिरपत होती. तिच्यावर बारीक चिमटा बसवला. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी मी फेरीला गेले तर गडी उशीला टेकून बसलेला.

"मॅडम, येक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचारा. आला तर येईल."

"बोकडाची वजडी म्हंजी बोकडाचं प्वाटच की. ती आमी शिजवून खातो आन् आपलं प्वाट तिला पार इरघळून टाकतं. मंग आपलं सवताचं प्वाट का इरघळत न्हाई? ते बी मांसच हाय ना?"

मी खुर्ची ओढून बसले. फेरी राहिली बाजूला. असा पेशंट रोज मिळत नाही.

मी त्यांना सांगितलं ते असं. जठराच्या आतल्या बाजूला एक चिकट, बुळबुळीत थर असतो. अंडं फोडल्यावर पांढरं असतं ना, साधारण तसा. त्या थराच्या खाली जठराच्या पेशी खाण्याच्या सोड्यासारखा खारा द्रव सोडत राहतात. आम्ल वरून थरात शिरायला बघतं, हा द्रव खालून त्याला मारत येतो, आणि भिंतीपर्यंत पोचेस्तोवर आम्लात जोर उरत नाही. मांस पचवणारा जो रस आहे तोही पेशीतून बाहेर पडताना निकामी रूपात पडतो, पोकळीत आल्यावर आम्लाशी गाठ पडली की मगच जागा होतो. आणि एवढं करूनही वरच्या पेशी झिजतातच. म्हणून जठर त्या टाकून देतं आणि थोड्याच दिवसांत सगळं अस्तर नवं करतं. बोकडाची वजडी मेलेली असते, भिवाआण्णा. तिच्यात हे काम करणारं कुणी उरलेलं नसतं. तुमचं जिवंत आहे म्हणून पचत नाही.

सुलाबाई इतका वेळ पायाशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी जमीन सारवल्यावानी. रोज उखडती, रोज सारवायची."

मी आजवर ऐकलेल्या भाषणांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी ती उपमा तिथल्या तिथे उचलली आणि पुढे आयुष्यभर वापरली. म्हटलं, "बरोबर. आणि हे सारवण कधी, किती करायचं याचा हुकूम देणारं एक द्रव्य शरीरात असतं. तीच सारवणारी बाई समजा. अंगदुखीच्या गोळ्या त्या बाईला झोपवतात. सांध्यात दुखणं-सुजणं उठवणारं द्रव्य आणि जठर सांभाळणारं द्रव्य एकाच कुळातलं. गोळी दोघांनाही गप्प करते. आता खरं सांगा, खांद्यासाठी, कंबरेसाठी गोळ्या खाता का?"

"देवाची आन मॅडम. गोळी म्हनून तोंडात न्हाई टाकली कवा."

सुलाबाईनेही मान हलवली. दोघंही खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती, आणि खोटं बोललीही नव्हती, हे मला पुढे कळलं.

जठराला पोखरणारा एक जंतूही असतो. तो भिवाआण्णांच्या पोटात सापडला. त्याची औषधं पुरती दिली, जंतू गेल्याची खात्री करून घेतली. आम्ल कमी करणारं औषध चालू ठेवलं. खड्ड्याच्या कडेचे तुकडे तपासायला पाठवले, ते साधे निघाले, गाठ-बिठ काही नव्हती. लोकांनी मात्र त्यांना वेगळंच सांगून ठेवलं होतं. आचारी माणूस, जन्मभर लवंगी मिरचीत हात, पोटाला भोक पडणारच. घरच्यांनी त्यांना दूधभातावर बसवलं. मी जेव्हा सांगितलं की मिरचीने आग होते, खड्डा पडत नाही, मनाला येईल ते खा, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्त ओकतानासुद्धा आलं नव्हतं.

पावसाळ्यात खड्डा भरत आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तुळशीची लग्नं लागली, सराई सुरू झाली, आणि पौषात पाहते तर खड्डा पुन्हा उकरलेला. पुन्हा शौचाला काळं, पुन्हा रक्ताची बाटली. मी पुण्याच्या एका सर्जनांचं मत घेतलं. ते म्हणाले, औषधाला दाद न देणारा, दोनदा रक्त गेलेला व्रण आहे, जठराचा तेवढा भाग काढून टाकू. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

भिवाआण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अर्धं प्वाट न्हाई ऱ्हायलं तर मानूस जेवतो किती?"

"थोडं थोडं, पुष्कळदा. जगतो माणूस."

"जगतो हो. पर वाढलेलं ताट सारायचं आन् भट्टीवर उभं ऱ्हायचं, ह्ये काय जमायचं न्हाई." मग म्हणाले, "चैतात गावची यात्रा हाय. ती माज्या हातानं व्हऊ द्या. मंग कापा."

मी नाही म्हटलं. ते हो म्हणाले. शेवटी असं ठरलं की त्यांनी खुर्चीवर बसून फक्त सांगायचं, उलथण्याला हात लावायचा नाही. आणि मी जातीने यायचं.

"वजडी खायालाच या," ते म्हणाले.

"मी वजडी खात नाही. दिवसभर तेच बघते."

"माजी खाल्ली न्हाई तुमी."

मला मात्र दुसरंच काही टोचत होतं. ज्याचं जठर पावसाळ्यात बरं होतं आणि लग्नसराईत उखडतं, त्याचं कारण पोटात नाही, कामात असणार. आणि काम काय आहे ते दवाखान्यात बसून कळत नाही. पारगावच्या कारखान्यावर आलेली एक ऊसतोडणी करणारी बाई अशीच माझ्याकडे यायची, पाठ धरली म्हणून मूठभर गोळ्या खाऊन. मी तिला औषधं देत राहिले. हंगाम संपला, टोळी गावाकडे गेली, आणि तिचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. ती बाई अधूनमधून आठवते आणि जेवण गोड लागत नाही.

यात्रेच्या दिवशी उजाडता उजाडता मी राजुरीत पोचले. देवळामागे ताडपत्रीखाली भट्टी पेटली होती. मोठमोठी पातेली चढायची होती. भिवाआण्णा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, पण हात शिवशिवत होते ते दिसत होतं. आदला दिवस पुरणपोळीचा झाला होता, आज तिखटाचा. टोळीतल्या कुणीही काही खाल्लेलं नव्हतं. त्यांच्यात रीतच तशी. शेवटची पंगत उठेपर्यंत आचाऱ्याने तोंडात घास घालायचा नाही. लोकांच्या आधी आचारी जेवला की अन्न पुरत नाही, असं त्यांच्या वस्तादांनी सांगून ठेवलेलं. चव बघायची तीही वासावर आणि रंगावर. पहाटेपासून दुपार कलेपर्यंत पोटात फक्त चहा.

"बसा मॅडम, भट्टीचा चहा घ्या," सुलाबाई म्हणाली.

ती खलबत्त्यात आलं कुटत होती. मग सुंठ टाकली, चार मिरी टाकल्या. मग शेजारचा पत्र्याचा डबा उघडून पांढऱ्या गोळ्यांची ओंजळ खलात टाकली, कुटली आणि निम्मी पूड भट्टीवरच्या चहात सोडली. इतक्या सहज की वेलदोडेच टाकतेय असं वाटावं.

"हे काय आहे?"

"चहाचा मसाला. ह्येच्याबिगर अंग चालत न्हाई. वस्तादापासून हाय."

मी डबा उचलला. साधी, कुठेही मिळणारी अंगदुखीची गोळी. मान वर केली तर टोळीतली माणसं ग्लास घेऊन रांगेत उभी. त्यांतल्या तिघांनी "मॅडम, वळखलं का?" म्हणून विचारलं; त्या तिघांची जठरं मी आतून पाहिलेली होती. एकाचं लालेलाल, एकाला जुना वण, एकाला बारके बारके ओरखडे. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावांतून आलेले म्हणून मला कधी एका धाग्यात ओवता आले नव्हते. ते इथे एका रांगेत उभे होते आणि चहाची वाट बघत होते.

मला राग लवकर येतो हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी फडक्याने चहाचं पातेलं धरलं आणि भट्टीबाहेरच्या राखेत ओतून दिलं.

 मग भिवाआण्णा खुर्चीवरून उठले. "मॅडम, तुमी डाक्टर हाय म्हनून ऐकतो. ह्यो चहा न्हाई तर दुपारी आख्खं गाव उपाशी ऱ्हाईल. उलथनं हालवायला खांदा लागतो. माजा खांदा ह्या चहावर चालतो."

"आणि तुमचं जठर ह्याच चहाने फाटलंय. देवाची आण घेतली होती ना?"

"गोळी खाल्ली न्हाई मी. चहा पेलो."

यात चलाखी नव्हती. तो माणूस खरंच तसंच समजत होता. जे दुखणं आलं की खायचं ते औषध, आणि जे काम सुरू करताना घ्यायचं ते कामाचं सामान. मिठासारखं, तेलासारखं. दवाखान्यात कुणी विचारलं, गोळ्या घेता का, तर त्याला हा डबा आठवायचं कारणच नव्हतं.

मी समजावू लागले की उपाशी पोटी तर वाईटच, पण भरल्या पोटी घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण गोळी रक्तात मिसळूनही जठराकडे येते. तेवढ्यात सुलाबाई खलबत्ता हातात धरून उभी राहिली. 

"सारवणारीला झोपवती म्हनला व्हता ती हीच का गोळी?"

"हीच."

"म्हंजी मीच की. रोज कुटून मीच दिली ह्यांना."

"तुम्ही चहा दिलात, सुलाबाई. ठाऊक असतं तर दिला असतात का?"

 तिने खल राखेत पालथा केला, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं लांब दांड्याचं उलथणं उचललं. "आज मी हालवते. दमले की दुसऱ्यानं घ्यायचं, तो दमला की तिसऱ्यानं. येकाच खांद्यावर का म्हनून?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी बसा. वासावरनं सांगा."

आचाऱ्याच्या भट्टीवर बाईने उलथणं धरलेलं त्या गावाने पाहिलं नव्हतं. पण पातेली चढायची होती, मानकरी यायचे होते, आणि वाद घालायला कुणाला सवड नव्हती. सुलाबाई घामाने निथळली, मग ग्लासवाल्या रांगेतल्या एकाने उलथणं घेतलं, मग दुसऱ्याने. भिवाआण्णा खुर्चीवरून नाक वर करून सांगत होते, "मीठ आता. जाळ कमी. वढा वढा." पहिली पंगत अर्धा तास उशिरा बसली. त्याबद्दल एकाही माणसाने तक्रार केली नाही, कारण त्या भागात आजवर कुठलीच पंगत वेळेवर बसलेली नाही.

मी सर्जनांना फोन केला, मला दोन महिने द्या म्हटलं. त्यांनी दिले. भिवाआण्णांच्या खांद्याला व्यायाम लावला, मिठाची पोटली शेकायला सांगितली, फारच ठणकला तर जठराला न छेडणारी साधी तापाची गोळी, तीही मी सांगेन तेवढीच. टोळीतल्या सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. डबा मी माझ्या टेबलावर ठेवला, रिकामा. पुढे मी त्यात पेनं ठेवायची. आणि त्या दिवसापासून मी पेशंटला गोळ्या घेता का असं विचारणं सोडलं. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा, असं विचारू लागले. वेळ जास्त जायचा, पण या प्रश्नाने मला जेवढी जठरं वाचवून दिली तेवढी कुठल्या यंत्राने दिली नाहीत.

दोन महिन्यांनी दुर्बीण घातली. भर लग्नसराई गेली होती, म्हणजे परीक्षा चोख झाली होती. पडदा त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. नळी जठरात उतरली, मी ती वळवली आणि खड्ड्याची जागा शोधू लागले. शोधतच राहिले. खड्डा नव्हता. फिकट रेघांचा एक चांदणीसारखा वण, आणि भोवती ओली, गुलाबी, तुकतुकीत भिंत. माझ्या सिस्टरने टाळी वाजवली. भिवाआण्णांच्या तोंडात नळी असल्यामुळे त्यांना बोलता येईना, त्यांनी नुसता अंगठा वर केला. मी त्या दिवशी जितकी खूश झाले तितकी पदवी मिळाली तेव्हाही झाले नव्हते. नळी काढल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "सारवण झ्याक झालंय."

पुढच्या चैत्रात यात्रेला मी गेले. पहिल्या पंगतीत मला मानाने बसवलं. पत्रावळीवर वजडी वाढली गेली, वाफ निघणारी, काळ्या मसाल्यातली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात मागे घेतला.

"आधी भिवाआण्णा बसतील. उपाशी पोटाने भट्टीवर उभं राहायचं नाही असं मी सांगितलंय. ते जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही."

कुजबुज झाली. एका म्हाताऱ्या मानकऱ्याने मान डोलावली आणि म्हटलं, "देवाला निवद गेलाय. बस रं भिवा." भिवाआण्णा हात धुऊन, अवघडून, माझ्या शेजारी मांडी घालून बसले. सुलाबाईने वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मला वाटलं, तिखट लागलं की काय. मी आपली सवयीने त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

"काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बायकोकडे पाहून म्हणाले, "अगं, गरम असताना अशी लागती व्हय ही? मी जल्मभर गारढोण, तळाचीच खाल्ली. लोकं लांब लांबनं बोलवायला येतात ते उगाच न्हाई."

"मला काय इचारता?" सुलाबाई म्हणाली. "मी तरी कवा खाल्ली गरम?"

भिवाआण्णांनी तिच्या हातातली वाढायची पळी काढून घेतली आणि बाजूला सरकून जागा केली. ती आमच्या दोघांच्या मधे बसली. वाढायला आता कुणी नव्हतं, तेव्हा बारक्या ओरखड्यांचं जठर असलेला तो टोळीतला माणूस पातेलं घेऊन आला. मी दुसऱ्यांदा वजडी मागून घेतली.